सात नंबरची फ्रेम

मुकुंदा, पेपरात तुझी बातमी आली. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी. मी ती पुरती वाचली नाही. वरचा फोटो मात्र बघत बसलो, कारण तो मीच काढलेला. तुला पासपोर्ट काढायचा होता म्हणून औरंगपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत त्या निळ्या पडद्यापुढं बसवला होता तुला. हनुवटी जरा वर कर म्हणालो तर म्हणालास, "दिगू, मी काय मिनार आहे का?" जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती सरळ करत हिंडलास आणि स्वतःच्या फोटोत मान वाकडी ती वाकडीच. आता तसाच छापलाय त्यांनी.

तू कुठं शिकलास, कॉलेजात किती वर्षं शिकवलंस, ते ज्यांना सांगायचं ते सांगतील. मला तुझ्याशी भांडायचंय. आजवर आपल्या दोघांत भांडायचं काम माझ्याकडंच होतं, तू नुसता मिशीत हसायचास. या खेपेला मी हरणार आहे, आणि समोर तू नाहीस.

परवा तेरावा झाला. पंगत उठल्यावर शैलावहिनींनी तुझी खांद्याची पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. "भाऊजी, यातलं तुम्हालाच कळतं. तुम्हीच घेऊन जा." पिशवीत तो जुना कॅमेरा, फडक्यात गुंडाळलेले फिल्टर, तुझ्या वह्यांचा गठ्ठा आणि गवंड्याचा ओळंबा. तो पितळी ओळंबा हातात घेतला आणि मला जे रडू फुटलं, ते तुला खांदा देतानाही फुटलं नव्हतं. वहिनीच मला पाणी द्यायला लागल्या. लाज वाटली रे.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस आठवतो. पाणचक्कीचा एक रोल धुवायला दिला होतास. मी फोटो छापून हातात ठेवले, तर तू खिशातून पट्टी काढून फोटोवर ठेवलीस. "हा खांब पडतोय." मी म्हणालो, "साहेब, खांब नाय पडत, तुमचा कॅमेरा पडतोय." दुसरा कुणी असता तर भडकला असता. तू खो खो हसलास, आणि पुढच्या रविवारी सकाळी स्कूटरवर माझ्या मागं येऊन बसलास, जसं काही ठरलेलंच होतं. साहेब म्हणायचं नाही, असं तूच बजावलंस. मी करमाडचा, शेतकऱ्याचा पोरगा, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा. बिनमाणसाचा फोटो मी जन्मात काढला नव्हता. भिंतीकडं बघत दोन दोन तास बसायला तू शिकवलंस मला.

काय ती तुझी तऱ्हा! कॅमेऱ्याची तिपाई लावायची, तिच्या शेजारी काठीला ओळंबा टांगायचा, तो हलायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग समोरच्या ओट्यावर बसून उन्हाची वाट बघायची. ऊन कोरीव कामावर तिरपं आलं की उठायचं, पण तेवढ्यात गल्लीतनं कुणी सायकलवाला यायचा, कुणी बाई बादली घेऊन जायची. ते जाईपर्यंत पुन्हा बस. आणि मी मधी कडमडलो की तुझं ठरलेलं वाक्य, "दिगू, बाजूला हो. फ्रेममध्ये येतोस."

हजार वेळा ऐकलं असेल ते मी. त्याच्यावरच तर आपलं भांडण. मी म्हणायचो, माणूस नसलेलं घर म्हणजे कबर, मुकुंदा. तू म्हणायचास, माणूस आला की लोक माणसाकडं बघतात, घराकडं कुणी बघत नाही. "घराला एकदा तरी एकट्याला बसवून बघ की." मी म्हणायचो, तुला माणसं आवडतच नाहीत. तू चहा ढवळत राहायचास. हे भांडण पैठण गेटच्या चहावाल्याला पाठ झालं होतं. आपण आलो की तो विचारायचा, "आज कुणाची बारी?"

तुझ्या वह्यांचीही मी लई टिंगल केली. प्रत्येक फोटोला नंबर, वेळ, लेन्स किती उघडली, कुठला फिल्टर लावला, सगळं पेन्सिलीनं लिहायचास. मी म्हणायचो, परीक्षेला बसलायस का? तुझं काम फोटो काढायचं, पुढचं सगळं माझं. रोल धुवायचा, सगळ्या फ्रेमा एका कागदावर बारक्या बारक्या छापायच्या आणि भिंगातनं बघून नको त्यांच्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारायची. एकदा फुली मारली की त्या फ्रेमकडं मी परत ढुंकून बघत नसे. तो माझा तोरा होता. आणि तू तो चालवून घेतलास. "निवड तुझी, दिगू. माझ्यापेक्षा तुझी नजर बरी."

मग आलं रज्जाकभाईचं घर.

रज्जाकभाई शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुमजली घर, दगडचुन्याचं, वर लाकडी सज्जा. पुढच्या खोलीत त्याचं मशीन आणि तिथनंच वर जायचा दगडी जिना. रस्ता रुंद व्हायचा होता, त्यासाठी गल्लीतल्या घरांवर लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती, म्हणजे रेघेपासून रस्त्याकडचं जाणार. रज्जाकभाईच्या घरावर ती अगदी कडेला होती. ओटा गेला असता आणि भिंतीचा हातभर तुकडा. खोली वाचत होती, जिना वाचत होता. तो निवांत होता.

आपण गेलो त्या दिवशी ऊन कडक, आभाळ निळंशार. त्यानं आपल्यासाठी चहा सांगितला, वाळत घातलेले कपडे काढून घेतले, बायकोला आत बसायला सांगितलं, कारण साहेबांना माणूस चालत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक झालेलं. आणि गळ्यात टेप तशीच ठेवून तो तुला म्हणाला, "साब, ये लाल लकीर भी आने देना फोटो में. कल को काम आएगी." तू म्हणालास, "आएगी, रज्जाकभाई."

मग मी स्कूटरच्या डिकीतनं पाण्याची बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा तू कॅमेऱ्यावर लाल फिल्टर चढवत होतास. एवढंच मी पाहिलं. त्या एवढ्याशा पाहण्यावर मी तुझा निकाल लावला.

लाल फिल्टरची गंमत तूच मला पहिल्यांदा दाखवली होतीस. काळ्यापांढऱ्या फोटोत त्यानं निळं आभाळ काळंभोर होतं आणि भिंत दुधासारखी उजळून निघते. पण लाल काचेतनं लाल रंग दिसत नाही, तो पांढऱ्यात मिसळून जातो. रज्जाकभाईच्या घराचा तो फोटो छापला आणि मीच खुळ्यासारखा बघत राहिलो. काळं आभाळ, त्याच्यापुढं ते घर, एक डाग नाही अंगावर. फ्रेम करून दुकानात लावला. रेघ कुठं गेली, हे मनात आलं होतं. येऊन गेलं. फोटो फार चांगला होता.

पुढं रज्जाकभाईच्या पोरीचं लग्न ठरलं. लग्नाचं घर म्हणून बायकांनी भिंतींना चुना मारला, त्यात लाल रेघ गेली. शुभकार्यात दारावर लाल रेघ कशी बरी दिसेल, असंच कुणीतरी म्हणालं असेल. काही महिन्यांनी घरं पाडायचं मशीन आलं. मोजणीवाले विचारायला लागले, खूण कुठं होती? रज्जाकभाई हातानं दाखवायला लागला. ते म्हणाले, असं हातानं दाखवलेलं कसं धरायचं? जुना फोटो असेल तर आणा, आम्ही मानू. नाहीतर रस्त्याच्या पलीकडनं नव्यानं मोजतो.

तो धावत माझ्याकडं आला. टेप गळ्यातच. "दिगूभाई, वो फोटो! साब ने निकाले थे ना!" मी दुकानातला तो फोटो खाली उतरवला आणि उजेडात धरला. फोटोतली भिंत कोरी.

तू तेव्हा पुण्याला, पोराकडं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेला. एक फोन करायचा होता मी. केला नाही. तुला त्रास नको हे कारण मी नंतर शोधलं. खरं कारण असं की मला वाटलं, मला सगळं माहीत आहे. रज्जाकभाई विचारत होता, "लकीर तो थी ना?" मी म्हणालो, होती. "फिर फोटो में कायकू नै?" आणि मी त्याला सांगितलं, "साहेबांना आभाळ काळं पाहिजे होतं, रज्जाकभाई. म्हणून लाल काच लावली. त्या काचेनं तुमची रेघ खाल्ली."

हे वाक्य माझं आहे, मुकुंदा. तुझ्या माघारी, पूर्ण शुद्धीत बोललेलं.

रज्जाकभाई कोरा फोटो काखेत घेऊन गेला. पलीकडनं मोजलं त्यांनी. पुढची खोली गेली, जिना गेला. वरचा मजला अर्धा राहिला, तिथं जायला आता बाहेरनं लोखंडी शिडी. रज्जाकभाईच्या बायकोचे गुडघे गेलेले. ज्या खोलीत तिची लेकरं वाढली ती खोली ती आता अंगणातनं मान वर करून बघते.

तू परत आलास ते डोळ्याला काळा चष्मा लावून, स्टेशनवरनं घरी न जाता आधी दुकानात. कुणीतरी कळवलं होतं. मी तुला 'बस'सुद्धा म्हणालो नाही. दोन गिऱ्हाइकं होती समोर, तरी माझं तोंड थांबेना. "तुला आभाळ पाहिजे होतं ना? जा, बघून ये. आता तिथं नुसतं आभाळच आहे." आणखी काय काय बोललो. माणसं नको होती ना तुला फ्रेममध्ये, गेली बघ माणसं, असंही बोललो. तू फक्त एवढं म्हणालास, "त्या रोलचा कागद दाखव." मी काढून आपटला. तू काळा चष्मा वर केलास, पाणी गळणाऱ्या डोळ्याला भिंग लावलंस आणि कितीतरी वेळ तो बारक्या फ्रेमांचा कागद बघत राहिलास. मग तो घडी न घालता पिशवीत ठेवलास. "चुकलं, दिगू," म्हणालास आणि गेलास.

मला वाटलं, कबूल केलं. मनात म्हटलं, बरं झालं, एकदा तरी जिरली.

त्यानंतर तू भिंतींचे फोटो काढायचं सोडलंस. विचारलं की डोळ्याचं कारण सांगायचास. तरी दर महिन्याला एखादा रोल आणून द्यायचास, त्यात काय तर घरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, जास्वंदीची कुंडी. माझ्याकडं रोल घेऊन येणारं तू शेवटचं गिऱ्हाईक. बाकी सारं जग मोबाइलवर गेलं होतं. माझी डार्करूम बंद पडू नये म्हणून तू जास्वंदीचे फोटो काढत होतास, हे मला कळत होतं. कळून मी काय केलं? रोल धुतले, चहा प्यालो तुझ्याबरोबर, रज्जाकभाईचं नाव कधी काढलं नाही. तू काढलं नाहीस ते मी तुझ्या अपराधात जमा केलं.

परवा पिशवी घरी आणली आणि त्या वर्षाची वही उघडली. तो कागद आतच होता, न दुमडलेला. त्यावर सात नंबरच्या फ्रेमवर माझी लाल फुली. आणि वहीत तुझं ते मुंगीएवढं अक्षर: "७. बिनफिल्टर. आभाळ पांढरं येईल, येऊ दे. रज्जाकभाईची खूण राहावी म्हणून." त्याच्या खाली, "८. लाल फिल्टर."

 मी पाण्याची बाटली आणायला गेलो तेवढ्यात तू त्याला दिलेला शब्द पाळून मोकळा झाला होतास. आभाळ कोरं आलं म्हणून तुझ्या शब्दावर मी फुली मारली. आणि रज्जाकभाई धापा टाकत समोर उभा असताना हाताच्या अंतरावरच्या डब्यातली ती निगेटिव्ह मी काढून बघितली नाही, कारण बाद केलेल्याकडं मी बघत नसतो. तू त्या दिवशी भिंगातनं हे सगळं बघितलंस. माझी फुली बघितलीस. मी गिऱ्हाइकांसमोर तुला खाऊन टाकत होतो, तुझ्या हातात माझं तोंड बंद करायचा कागद होता, आणि तू तो पिशवीत ठेवलास!

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्करूम उघडली. डबा सापडला, सात नंबर सापडली. औषधं जुनी, कागद जुना, तरी लावला. लाल दिव्याखाली तुझा तो कागद शेजारी ठेवला होता, ताडून बघायला. त्या उजेडात माझी लाल फुली दिसेनाशी झाली. सात नंबरची फ्रेम तिथं अशी स्वच्छ, जशी मी कधी हातच लावला नव्हता तिला. मग ट्रेमध्ये फोटो वर यायला लागला. आधी दार, मग सज्जा, आणि भिंतीच्या कडेला वरपासून खालपर्यंत ती रेघ. ओळंब्यात सरळ. मी मोठ्यानं शिवी दिली. तुला की मला, कुणास ठाऊक.

फोटो वाळवून रज्जाकभाईकडं गेलो. उरलेल्या खोलीत मशीन टाकून तो बसतो, दाराच्या उजेडात. मला बघून उठला, "आओ दिगूभाई." माझ्याशी तो कधी तुटला नव्हता. तुटला तुझ्याशी. फोटो हातात दिला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डोळ्यांजवळ धरला, आणि खडूनं पांढरं झालेलं बोट त्या रेघेवरनं वरनं खाली फिरवलं.

"ये तो है."

"व्हय. साहेबांनी काढली होती. तुमच्यासाठीच काढली होती. मी बाद केली. आभाळ बरं आलं नाय म्हणून. तुम्ही आलात तेव्हा मी धड शोधलंसुद्धा नाय, आणि नाव साहेबांचं घेतलं."

तो परत मशीनपुढं बसला.

"साब को मालूम था?"

"पुण्याहून आले त्या दिवशीच कळलं त्यांना."

"यहाँ आए थे वो. एक बार नै, बहुत बार." तो दाराबाहेर बघत बोलत होता. "नाली के उस तरफ खड़े रहते. सलाम करते. मैं मशीन चलाता. एक बार मैं बोला, साब, आप जुबान दिए थे लकीर की. वो बोले, हौ, दिया था. बस इत्ताच. और कुछ बोलेच नै."

 मला ते ठाऊक होतं. एकदा मी स्कूटरवरनं जाताना बघितलं होतं तुला तिथं उभं. हात कपाळापाशी, आणि आत मशीनचा आवाज. मी थांबलो नाही. भोग म्हणालो मनात.

"अब कैसे हैं साब? उनको बुला लाओ. नै, मैं चलता," असं म्हणून तो चपला शोधायला लागला.

मुकुंदा, त्याला माहीतच नव्हतं. अख्ख्या औरंगपुऱ्याला मी फोन केले होते, त्याला केला नव्हता. तो येणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. तेही मीच ठरवलं. मी सांगितलं, पंधरा दिवस झाले. एक चप्पल पायात घालून तो तसाच उभा राहिला. मला वाटलं आता हा मला चार शिव्या देईल, कॉलर धरेल. द्यायला हव्या होत्या. जिन्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

"तुमकू मैं क्या बोलूँ अब," एवढंच म्हणाला. रागानंही नाही. थकलेला वाटला फार.

मग तो दारात आला. फोटो छातीशी धरलेला. नालीच्या पलीकडं, जिथं तू उभा राहायचास, तिथं आता कुणाची तरी मोटरसायकल लावलेली असते. त्यानं तिकडं बघितलं आणि उजवा हात हळूहळू कपाळाकडं न्यायला लागला. मी मधीच उभा होतो, दाराच्या आणि त्या जागेच्या बरोबर मधी, नेहमीसारखा.

मी बाजूला झालो.